तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय?

बारावीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले असतील. रविवारी सकाळी आमच्याकडे एक जुने सहकारी आले. बँकेत माझ्या हाताखाली पाच-सहा वर्षे होते. आता त्यांच्याही निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत. सोबत त्यांची मुलगी होती. सौ.ने पोह्यांच्या बशा समोर ठेवल्या, पण गृहस्थ बशीला हात लावीनात. शेवटी म्हणाले, "साहेब, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा. कला शाखेत अठ्ठ्याऐंशी टक्के मिळालेत. अर्थशास्त्र घे म्हटलं, मानसशास्त्र घे म्हटलं. ही म्हणते, बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणार!"

मुलगी घर सोडून हिमालयात निघाली आहे हे सांगताना बापाचा आवाज जसा होईल, तसा त्यांचा आवाज झाला होता.

ते माझ्याकडेच का आले, हे मला ठाऊक होते. नोकरीची बरीच वर्षे मी कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. समोरच्याचे मन न दुखवता 'नाही' म्हणण्यात माझा हातखंडा आहे, असा बँकेत माझा लौकिक होता. मुलीचा अर्जही मी तसाच गोड बोलून परत करीन, अशी त्यांची अपेक्षा. मी एवढेच म्हणालो, "अहो, मीही तत्त्वज्ञानाचाच बी.ए. आहे."

गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. "साहेब, तुम्ही? पण तुम्ही तर बँकेत होतात!"

हा जो 'पण' आहे ना, त्याच्याविषयीच आज लिहायचे आहे.

बँकेच्या अर्जात पदवीचा एक रकाना होता. त्यात मी 'बी.ए.' एवढेच लिहिले आणि पुढच्या एकोणचाळीस वर्षांत विषय कोणता, हे मला कोणीही विचारले नाही. मीही सांगितले नाही. सांगितले असते तर वरिष्ठांनी मला जरा सांभाळून घेतले असते आणि शिपायांनी चहा दोनदा विचारला असता. आपल्याकडे 'तत्त्वज्ञान' हा शब्दच मोठा विचित्र परिस्थितीत सापडला आहे. त्याला हार घालतात तो प्रवचनाच्या मंडपात. घरात मात्र 'उगीच तत्त्वज्ञान पाजळू नकोस' या वाक्यातच त्याची गाठ पडते.

मी हा विषय काही ध्यास घेऊन घेतला नव्हता. १९७७ साली तालुक्याच्या गावी कॉलेजात गेलो, तेव्हा मला अर्थशास्त्र हवे होते. परंतु वडिलांचे किराणा दुकान होते आणि दुपारी गल्ल्यावर मला बसावे लागे. अर्थशास्त्राचे तास दुपारी, तत्त्वज्ञानाचे सकाळी साडेसातला. झाला विषय नक्की! डॉ. राधाकृष्णन यांच्याबद्दलही सांगतात, की नात्यातल्या एका पदवीधर भावाने आपली तत्त्वज्ञानाची पुस्तके त्यांना देऊन टाकली आणि पुस्तकांचा खर्च वाचला म्हणून त्यांचा विषय ठरला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातला तो गरीब विद्यार्थी पुढे राष्ट्रपती झाला, मी शाखाधिकारी झालो. पण या विषयाच्या दारात आम्हा दोघांनाही सोयीनेच नेऊन सोडले, एवढे साम्य सांगायला हरकत नसावी.

वर्गात आम्ही सात जण. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिले : 'डोंगरावर धूर दिसतो आहे, म्हणून तिथे आग आहे.' आणि आमच्याकडे वळून विचारले, "कशावरून?" आम्ही म्हणालो, धूर आहे तिथे आग असतेच. सर म्हणाले, "असतेच, हे कशावरून? जगातला सगळा धूर तुम्ही पाहिलात का?" या एका 'कशावरून'वर आठवडा गेला. पुढे कळले, की हा प्रश्न सरांचा नव्हता, चार्वाकांचा होता. कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला देणारे म्हणून आपण ज्यांना हसतो, त्या चार्वाकांनी अनुमानाच्या पायालाच हात घातला होता. त्यांना उत्तर देता देता न्यायशास्त्रातल्या पंडितांच्या पिढ्याच्या पिढ्या खर्ची पडल्या. आणि अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या डेव्हिड ह्यूमने जवळजवळ तोच प्रश्न युरोपला विचारला : आजवर सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेल, हे कशावरून?

माझ्या सहकाऱ्यांना वाटत होते, की या विषयात आत्मा, मोक्ष आणि संन्यास एवढेच असते. तसे नाही. तर्कशास्त्र असते, म्हणजे एका विधानातून दुसरे विधान निघते की नाही हे तपासण्याचे शास्त्र. नीतिशास्त्र असते. आपली दर्शने असतात, आस्तिक आणि नास्तिक दोन्ही. आणि ग्रीकांपासून पुढचा पाश्चात्त्य विचारांचा इतिहास असतो. महाराष्ट्रात तर अकरावी-बारावीलाच कला शाखेत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेता येतात. या मुलीने तर्कशास्त्र घेतले होते, तिथेच तिला गोडी लागली. गंमत अशी, की बँकेच्या परीक्षेत 'रीझनिंग' म्हणून जे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे अ‍ॅरिस्टॉटलच्या घरचे आहेत. काही टेबले खुर्च्या आहेत, सर्व खुर्च्या पाट आहेत, तर काय निष्पन्न होते? हे शिकायला मुले क्लासला पैसे मोजतात, आणि तेच शिकवणारा विषय कॉलेजात विद्यार्थ्यांची वाट पाहत बसतो.

आणि हा विषय मराठीला परका आहे असेही नाही. अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. हे गृहस्थ कापड गिरणीचे मालक. सूत आणि कापडाच्या पैशातून खानदेशातल्या एका गावात देशभरच्या अभ्यासकांना बसून विचार करण्याची सोय त्यांनी करून दिली. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ साली निघाले. मे. पुं. रेग्यांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. दि. य. देशपांड्यांनी निवृत्तीनंतर १९९० साली नागपुरातून 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू केले. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या पोरांना या माणसांनी आमच्याच भाषेत विचार करायला शब्द दिले. हे ऋण लहान नाही.

असो. सहकाऱ्यांचा प्रश्न मात्र सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे होते : नोकरीचे काय? बापाच्या जागी उभे राहून पाहिले, तर हा प्रश्न क्षुद्र नाही. फी त्याला भरायची आहे. मी त्यांना खरे तेच सांगितले. या पदवीच्या टोकाला बांधलेली अशी नोकरी नाही. प्राध्यापक व्हायचे तर एम.ए. आणि नेट-सेट करावे लागते, आणि तेवढे करूनही जागा थोड्या. परंतु पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही विषयाच्या पदवीधराला खुला आहे. बँकेच्या अधिकारी पदाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मीच त्याचा पुरावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहेच, शिवाय २०१३पासून मुख्य परीक्षेत नीतिमत्तेचा एक स्वतंत्र पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. इंग्लंडात ऑक्सफर्डने १९२० साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्र पदवी सुरू केली. ती घेतलेली माणसे पुढे तिथल्या पंतप्रधानपदापर्यंत गेली. तेव्हा ही पदवी म्हणजे भिकेचे डोहाळे आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने थेलीस नावाच्या तत्त्वज्ञाची एक गोष्ट सांगून ठेवली आहे. बँकवाल्यांना ती आवडावी. लोक थेलीसला हिणवत : एवढा शहाणा आहेस, तर गरीब कसा? थेलीसने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून ताडले, की पुढच्या हंगामात ऑलिव्हचे पीक उदंड येणार. भर हिवाळ्यात, कोणी बोली लावायला नसताना, त्याने थोडी थोडी अनामत देऊन गावोगावचे तेलाचे घाणे स्वतःसाठी राखून ठेवले. पीक आले, घाण्यांसाठी झुंबड उडाली, आणि थेलीसने मागेल ते भाडे घेतले. तत्त्वज्ञाला मनात आणले तर पैसा करता येतो, पण त्याचे मन तिथे नसते, हे त्याने दाखवून दिले, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. ही गोष्ट ऐकून सहकाऱ्यांचा चेहरा जरा उजळला. त्यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. दोघेही समाधानाने घरी गेले असते. परंतु मुलीने विचारले, "काका, तुम्हाला स्वतःला बँकेत त्याचा काय उपयोग झाला?"

कर्जाच्या अर्जांवर झाला, हे मी सांगितले. न्यायशास्त्रात हेत्वाभास शिकवतात, म्हणजे कारणासारखी दिसणारी पण कारण नसलेली गोष्ट ओळखणे. 'हा माणूस कर्ज फेडील, कारण तो टापटिपीत राहतो' हे विधान शाखेत मी कितीतरी वेळा ऐकले आहे. टापटिपीत फेडणारेही राहतात आणि बुडवणारेही. म्हणून हा हेतू व्यभिचारी, काहीच सिद्ध न करणारा. असे नाव माहीत असले की चूक लवकर हाताला लागते. मग मी तिला म्हशीची गोष्ट सांगितली. ती मी तोवर घरातही कधी नीट सांगितली नव्हती.

१९८७ साली मी एका ग्रामीण शाखेत नवा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम तेव्हा जोरात होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दुभते जनावर घ्यायला बँकेने कर्ज द्यायचे, सरकारने त्यात अनुदान घालायचे. शेतमजुराला एकतृतीयांश. योजना चांगल्या हेतूची होती, तिने हात दिलेली घरेही मी पाहिली आहेत. पण मार्चअखेर आली, की उद्दिष्टाचा आकडा गाठायचा असे. अशाच एका मार्चमध्ये जनावरांच्या तपासणीला मी एका गावी गेलो. पहिल्या गोठ्यात म्हैस पाहिली, कानातला विम्याचा बिल्ला पाहिला. दुसऱ्या गोठ्यात दुसरी. तिसऱ्या गोठ्यात गेलो तर समोर डावे शिंग मोडलेली म्हैस. डावे शिंग मोडलेली म्हैस मी पहिल्या गोठ्यातही पाहिली होती. आम्ही पुढच्या रस्त्याने चहा घेत येत होतो, म्हैस मागच्या बोळाने येत होती. बिल्ला तेवढा बदलला होता.

कांट म्हणतो, कल्पनेतल्या शंभर मोहरा आणि खऱ्या शंभर मोहरा यांच्या वर्णनात तिळमात्र फरक नसतो. असणे हा काही वस्तूचा आणखी एक गुण नव्हे. हे कॉलेजात पाठ करूनही मला नीट कळले नव्हते, ते त्या गोठ्यात कळले. माझ्या हातातल्या कागदावरच्या म्हशीचे वर्णन संपूर्ण होते : रंग काळा, वेत दुसरे, दूध सहा लिटर. उणीव एवढीच, की ती म्हैस नव्हती.

कर्ज ज्या बाईच्या नावावर होते, ती विधवा मजूर होती. ती दारात उभी होती. तिच्या हातात थोडे पैसे पडणार होते आणि बाकीचे कुठे जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. हप्ते फेडण्याचे वचन मात्र अंगठा उठवून तिने दिले होते. याच कांटने १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात उदाहरण घेतले आहे ते कर्जाचेच : फेडता येणार नाही हे ठाऊक असताना 'फेडीन' असे वचन देऊन पैसे घेणारा माणूस. सगळेच असे वागू लागले तर वचन या शब्दालाच अर्थ उरणार नाही, असा त्याचा मुद्दा. परंतु माझ्यासमोर उदाहरण उलटे होते. इथे खोटे वचन देणारी ती नव्हती. तिला पाळता येणार नाही, हे ठाऊक असताना ते वचन तिच्याकडून लिहून घेणारा मी होतो. 'जनावर समक्ष पाहिले' असा शेरा मारून मी सही केली.

पुढे १९९०च्या कर्जमाफीत दहा हजारांपर्यंतची थकीत कर्जे माफ झाली, त्यात तिचेही खाते मिटले. सगळ्यांना हायसे वाटले. माझी सही माफ करण्याची तरतूद त्या योजनेत नव्हती.

मी बोलायचा थांबलो. मुलगी म्हणाली, "पण काका, तुम्हाला सगळं कळत होतं. मग सही का केली?"

"अगं, मोठ्यांना असं विचारतात का?" बाप ओशाळला. मी म्हटले, "विचारू द्या."

मी कारणे सांगितली. मार्चअखेर होती. वरिष्ठांचा फोन रोज येत होता. घरी मूल लहान होते, बदलीची भीती होती. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले, की ही सगळी कारणे आहेत, समर्थन यांतले एकही नाही. कारण आणि समर्थन यांतला फरक मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षालाच शिकवला होता. तत्त्वज्ञान शिकून माणूस चांगला होतो, असे मी म्हणणार नाही. मी स्वतःच साक्षीला उभा आहे. पण माझ्या शेजारच्या टेबलावरचे लोक 'आपण काय, वरून आले ते केले' असे म्हणून शांत झोपू शकत होते. मला ती सोय उरली नव्हती. आपण काय करतो आहोत, त्याचे खरे नाव मला ठाऊक होते. पुढच्या वर्षी तसाच कागद पुढे आला, तेव्हा मी सही केली नाही. त्याची किंमत म्हणून एक गैरसोयीची बदली पत्करली. पहिल्या वेळी जे जमले नाही ते दुसऱ्या वेळी जमले, याचे थोडे श्रेय मी सकाळी साडेसातच्या त्या तासांना देतो.

आता बापाचा शेवटचा मुद्दा राहिला होता. ते म्हणाले, "साहेब, सगळं पटतं. पण हे वाचायला निवृत्तीनंतर वेळ असतोच की!"

हा वाद जुना आहे. प्लेटोच्या एका संवादात कॅलिक्लीस नावाचा गृहस्थ म्हणतो, की तत्त्वज्ञान तरुणपणी शोभते, पण मोठेपणीही जो तेच करीत बसतो त्याला फटके दिले पाहिजेत. खुद्द प्लेटोचे मत याच्या उलट. तिशीच्या आत वादविवादाची विद्या देऊ नये, कुत्र्याच्या पिलांसारखी पोरे जे दिसेल ते फाडत सुटतात, असे त्याला वाटे. आपल्याकडे मात्र आपण हा विषय परस्पर साठीनंतरच्या खात्यात जमा करून टाकला आहे. सकाळचे फिरणे, रक्तदाबाची गोळी आणि तत्त्वज्ञान! साठीनंतर मीही व्याख्यानांना जातो. पण खरे सांगू? या वयात मी तिथे दिलासा शोधायला जातो. जी सही करायची ती होऊन गेलेली असते. अठराव्या वर्षी सगळ्या सह्या पुढे असतात.

आणि आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. कठोपनिषदातला नचिकेत हा पोरसवदा मुलगा आहे. बाप यज्ञात सर्वस्व दान करायला बसला आहे आणि दान कसले करतो, तर पाणी पिण्याचेही त्राण न उरलेल्या, दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाईंचे. कागदोपत्री दान, गोठ्यात काही नाही. जमलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणी बोलत नाही. मुलगा बोलतो, मला कोणाला देणार, म्हणून बापाला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि बाप चिडून म्हणतो, तुला यमाला देतो. पुढे यमाच्या दारी मृत्यूचे रहस्य विचारतो, तेव्हा यमही त्याला आधी व्यवहाराचाच सल्ला देतो : धन माग, हत्ती-घोडे माग, दीर्घायुष्य माग, हे तेवढे विचारू नकोस. आपण सगळे पालक बारावीच्या निकालानंतर त्या यमाचीच भूमिका करीत असतो. फरक एवढाच, की मुलगा ऐकत नाही असे दिसल्यावर यमाला मनातून आनंद झाला.

महिन्याभराने सहकाऱ्यांचा फोन आला. प्रवेश झाला होता. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणातल्या सोयीप्रमाणे तत्त्वज्ञान मुख्य विषय आणि जोडीला अर्थशास्त्र, असा बापलेकीत समझोता झाला होता. कर्जाच्या भाषेत बोलायचे तर थोडे तारण घेऊन मंजुरी मिळाली. "पण साहेब," ते म्हणाले, "घरात आता बोलायची सोय राहिलेली नाही. काहीही म्हटलं की ही विचारते, कशावरून?"

मी त्यांचे अभिनंदन केले. हा एकच प्रश्न मला कॉलेजाने शिकवला होता, आणि त्या मार्चमधल्या दुपारी तिसऱ्या गोठ्यात मी तो गिळून टाकला. ही पोर तो कधीच गिळणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. जामीन राहायला मात्र मी तयार आहे.